घैसासकाकांच्या संस्था

घैसासकाकांसमोर तीन माणसं एका जागी उभी राहिली, की काका त्यांची संस्था करून टाकतात.

यात तिखटमीठ अजिबात नाही. अमेरिकेत श्रूजबरीला घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात आमची गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशीच बर्फात रुतली. माझा नवरा निखिल आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होता. मी आणि शेजारचे रेड्डी मागून ढकलत होतो, आणि ढकलता ढकलता मी निखिलच्या ड्रायव्हिंगविषयी माझी मतं मोठ्याने मांडत होते. तेवढ्यात समोरच्या घरातून कानटोपी घातलेले एक उंच, किडकिडीत गृहस्थ फावडं घेऊन आले. त्यांनी एक अक्षर न बोलता चाकांखालचा बर्फ काढला, वाळू टाकली, गाडी बाहेर आली. मी थँक्यू म्हणायला तोंड उघडणार, तर तेच म्हणाले, "मराठी आहात ते ऐकू आलं. तीन माणसं आहात, पुरेत. तुम्ही सचिव."

"कशाच्या?"

"बर्फ संस्थेच्या. पहिली सभा रविवारी दहाला. कॉफी माझ्याकडे."

रविवारी आम्ही गंमत म्हणून गेलो आणि अडकलो. रेड्डींकडे बर्फ उडवायचं मशीन होतं म्हणून ते अध्यक्ष झाले. निखिल कोषाध्यक्ष झाला, कोष नव्हता तरी. स्वतः काका कधीच कुठलं पद घेत नाहीत. ते साधे सभासद असतात आणि साध्या सभासदाच्या नात्याने सगळ्यांना धारेवर धरतात. आता या गोष्टीला बरेच हिवाळे झाले, पण काका मला अजून नावाने हाक मारत नाहीत. रस्त्यात दिसले की लांबून ओरडतात, "काय सचिव?"

आमच्या इकडच्या मराठी माणसांच्या बोलण्यात 'तिकडे' म्हणजे भारत. तिकडे आंबे आले असतील, तिकडे सासूबाईंचे गुडघे दुखतायत, तिकडे जाऊन आलो. काकांचं तिकडे मात्र वेगळं. सुरुवातीला आमची फार फसगत व्हायची. "तिकडे लोक बसमध्ये शेजारी बसत नाहीत, आधी रिकामी बाकं भरतात," असं ते म्हणाले तेव्हा मी आणि निखिल एकमेकांकडे बघतच राहिलो. मग उलगडा झाला. काका मूळचे रत्नागिरीचे, पण ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फिनलंडमध्ये काढली. तिथे मोबाइल फोन बनवणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनिअर होते. कंपनीचे दिवस फिरले तसे ते अमेरिकेत आले. येताना त्यांनी एक कॉफीची किटली आणि एक ठाम मत बरोबर आणलं. मत असं, की जगातली कुठलीही अडचण संस्था काढल्याने सुटते.

"तिकडे माणूस जन्माला येतो, शाळेत जातो आणि सभासद होतो," काका सांगतात. "गायची आवड आहे? संस्था. रानात मशरूम गोळा करायचेत? संस्था. तळ्याच्या काठी बसून घरातले गालिचे धुवायचेत, त्याचीसुद्धा संस्था. आणि कुणी कुणावर उपकार करत नाही. आपलं काम, आपण करायचं, घरी जायचं."

काकांच्या सभेची एक रीत आहे. आधी कॉफी. कॉफी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग काका खलबत्त्यातला बत्ता टेबलावर हलकेच आपटतात आणि म्हणतात, "विषय क्रमांक एक." हे 'विषय क्रमांक एक' त्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की दवाखान्यात डॉक्टरसमोर बसल्यावरही ते "विषय क्रमांक एक, गुडघा" अशीच सुरुवात करत असणार. आमच्या घरी जेवायला आले होते तेव्हा वरणभाताकडे बघून त्यांनी तसं म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय.

बर्फ संस्थेच्या मागून कढीपत्ता संस्था आली. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे घरात एक तान्हं मूल ठेवण्यासारखं आहे. माणसं भारतात महिनाभर जातात आणि परत येतात तेव्हा कुंडीत काटक्या. काकांनी आठ-दहा घरांची मोट बांधली. जो जाईल त्याने आपली कुंडी दुसऱ्या सभासदाकडे ठेवायची. नंतर पुरणयंत्र संस्था आली. आमच्या भागात पुरणयंत्र एकच, आणि होळीच्या सकाळी पुरण मात्र सगळ्यांचंच शिजलेलं. त्या वर्षीच्या भांडणात दोन मैत्रिणींची तोंडं वळली होती, ती काकांच्या एका सभेत सरळ झाली. कशी, ते मला सचिव असून कळलं नाही. काका काहीच बोलले नव्हते. त्यांनी दोघींना कॉफी दिली आणि इतका वेळ गप्प बसून राहिले, की शेवटी त्या दोघीच एकमेकींशी बोलायला लागल्या.

महाराष्ट्र मंडळात मात्र काकांची डाळ शिजली नाही. गणपतीच्या कार्यक्रमाची वेळ सांभाळायचं काम एका वर्षी त्यांच्याकडे होतं. पत्रिकेवर दहाची वेळ होती. काकांनी दहा वाजता आरती सुरू केली. हॉलमध्ये काका होते, माइकवाला होता आणि गणपती. मंडळी साडेअकराला, म्हणजे आपल्या वेळेवर, नटूनथटून आली तेव्हा काका आभारप्रदर्शनापर्यंत पोचले होते. आणि आभारप्रदर्शन तरी काय? "आभार मानायचे नाहीत, सगळ्यांनी आपापलं काम केलं, आता झाडू तिकडे कोपऱ्यात आहेत," एवढंच. शाल-श्रीफळ त्यांनी आधीच कॅन्सल केलं होतं. कार्यक्रमाला देणगी दिलेल्या एका बड्या डॉक्टरांच्या हातात शालीऐवजी झाडू आला. त्या बिचाऱ्या डॉक्टरांनी हसत हसत झाडलं, पण त्यांच्या पत्नी अजून हसलेल्या नाहीत.

पानगळीच्या दिवसांत काका 'ताल्कोत' करतात. हा तिकडचा शब्द. एकाच्या घरचं मोठं काम सगळ्यांनी मिळून फुकट करायचं आणि शेवटी त्या घराने सूप पाजायचं, याला ताल्कोत म्हणतात. एका रविवारी एका घरची पानं. सूप सुक्या वाटाण्याचं असतं आणि त्यात काका गोडा मसाला घालतात. आम्ही सगळे त्याला पातळ उसळ म्हणतो. ते काकांना आवडत नाही.

काका एकटे राहतात. त्यांनी लग्न केलेलं नाही. का नाही, हे विचारायचा आमच्यातल्या प्रत्येक काकूने एकदा तरी प्रयत्न केला आहे. "अजेंड्यावर नव्हतं," एवढंच उत्तर आजवर मिळालं.

आता त्यांच्या शेवटच्या आणि सगळ्यात फसलेल्या संस्थेविषयी सांगते, कारण तिच्याशी माझा जवळचा संबंध आला.

एप्रिल उजाडला की आमच्याकडे आईवडील यायला लागतात. सहा महिन्यांसाठी. पहिला आठवडा कौतुकाचा, दुसरा आउटलेट मॉलचा, आणि मग सगळे आपापल्या कामाला जातात आणि म्हातारी माणसं मोठ्या घरात खिडकीपाशी बसून राहतात. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडी चालवता येत नाही. नातवंडांशी बोलावं, तर ती म्हणतात, "आजी, कॅन आय टेल यू लेटर?"

काका म्हणाले, तिकडे यावर उपाय आहे. एकट्या माणसासाठी संस्था एक सोबती ठरवून देते. तो ठरल्या वारी, ठरल्या वेळी येतो, दीड तास बसतो आणि जातो. काही आणायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, जेवायला थांबायचं नाही. "आणि बोललंच पाहिजे असं काही नाही," ते म्हणाले.

हा शेवटचा नियम मराठी माणसाला पचणारा नव्हता. सोबत संस्थेला पाच स्वयंसेवक मिळाले, त्यातला एकही तो पाळू शकला नाही. एकाने एका आजोबांना दीड तास म्युच्युअल फंड समजावून सांगितले. एका काकू डब्यातून आमटी घेऊन गेल्या आणि तिथल्या सुनेच्या फोडणीत सुधारणा करून आल्या. महिन्याभरात चौघांनी 'वेळ नाही' म्हणून अंग काढून घेतलं आणि नियम पाळणारा एकटा सभासद उरला, तो म्हणजे स्वतः काका. त्यांनी तो इतका पाळला की अनर्थ झाला.

सांगलीच्या एक आजी मुलाकडे आल्या होत्या. काका ठरल्या वेळी गेले, नमस्कार केला आणि समोर बसले. आजींनी कुठले, काय, विचारून घेतलं. काकांनी उत्तरं दिली आणि ते पुन्हा गप्प बसले. पाच मिनिटं गेली, दहा मिनिटं गेली. एक अनोळखी, गंभीर चेहऱ्याचा माणूस भर दुपारी येतो, समोर बसतो आणि बोलत नाही, याचा आजींच्या दृष्टीने एकच अर्थ होता. हा काहीतरी वाईट बातमी घेऊन आलाय आणि सांगायचा याला धीर होत नाहीये. आजी आत गेल्या आणि रडत रडत मुलाला ऑफिसात फोन केला, "कोण गेलं रे? खरं सांग." मुलाने घाबरून बहिणीला फोन केला, बहिणीने मिरजेला. तिथे आजींच्या धाकट्या दिरांना साधा ताप होता. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पलंगाभोवती सगळा गोतावळा जमा झाला, आणि दीर बिचारे आपल्याला नेमकं काय झालंय ते कुणी सांगत नाही म्हणून जास्तच आजारी पडले.

इकडे काका दीड तास पूर्ण बसून, "बराय," म्हणून उठून आले होते. भेट चांगली झाली, असं त्यांचं मत होतं.

त्याच सुमाराला माझे बाबा नागपूरहून आले.

आई जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते. आमच्या घरात बोलायचं खातं आईकडे होतं. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले, मुळातच मितभाषी. आई दोघांचं मिळून बोलायची आणि बाबा मधूनमधून "हो ना," म्हणायचे. ती गेल्यावर ते 'हो ना'सुद्धा बंद झालं. मी त्यांना इकडे घेऊन आले ते याच आशेने की घर बदललं, माणसं बदलली की ते जरा खुलतील. मी आईवर गेलेय, मी अखंड बोलू शकते. मी बोलले. निखिलने क्रिकेट लावून दिलं. मी त्यांना भजनी मंडळात नेलं, लायब्ररीत नेलं, तळ्यावर नेलं. जो भेटेल तो त्यांचा हात हातात घेऊन, "काळ हेच औषध," म्हणायचा. बाबा मान हलवायचे. घरी आले की खिडकीपाशी बसायचे.

तिसऱ्या आठवड्यात ते मला म्हणाले, "तिकीट अलीकडचं होते का, पाहून ठेव."

मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नागपूरला त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ते एकटे काय करतील? इथे निदान डोळ्यांसमोर होते. पण डोळ्यांसमोर ठेवून मी तरी काय करत होते? माझ्या बडबडीने ते आणखीच मिटत होते, हे मला दिसत होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात काका.

"तुमचे वडील आलेत असं कळलं. मी सोबत संस्थेकडून आलोय."

सांगलीच्या आजींची हकिगत ताजी होती. मी दारातच हळू आवाजात म्हटलं, "काका, प्लीज. आई नुकतीच गेलीये. बाबा बोलत नाहीत कुणाशी. तुम्हीपण बोलणार नाही. कसं होणार?"

"बघू," काका म्हणाले आणि बूट काढून आत गेले.

नमस्कार झाले. काका बाबांसमोरच्या खुर्चीवर बसले. मी चहा ठेवला, पोहे ठेवले, आत गेले आणि दर दोन मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून बाहेर डोकावले. दोघं बसले होते. बाबा खिडकीबाहेर बघत होते, काकाही खिडकीबाहेर बघत होते. अंगणात एक खार होती. ती झाडावर चढली, दोघांनी बघितलं. उतरली, तेही बघितलं. आमच्या घरात पाहुणा आणि शांतता ही दोन्ही एकत्र कधी नांदलेली नाहीत. दोनदा मी मध्ये जाऊन हवामानाविषयी बोलून आले. दोघांनीही माझ्याकडे, सिनेमा चालू असताना मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

साडेदहाला काका उठले. "बराय," म्हणाले. बाबा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. मी डोळे विस्फारून निखिलकडे बघितलं, कारण बाबा त्या खुर्चीवरून आपणहून असे कधी उठले नव्हते.

दार लावून ते परत आले आणि म्हणाले, "बरा माणूस आहे."

आल्यापासून त्यांनी कशाविषयीही व्यक्त केलेलं ते पहिलं मत होतं.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ते इस्त्री कुठे आहे म्हणून विचारत आले. "उद्या ते यायचे आहेत ना," म्हणाले. शनिवारी नऊच्या आधी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाबा तयार. काका आले, बसले, खार बघितली, गेले. असे शनिवार जात राहिले. अलीकडच्या तिकिटाचं बाबांनी पुन्हा नाव काढलं नाही. मी तर मुळीच काढलं नाही.

जूनमधला एक शनिवार होता. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि मला बाहेरून आवाज आला. आधी वाटलं, काका. पण आवाज बाबांचा होता. मी नळ बंद केला.

बाबा आईविषयी सांगत होते. लग्नानंतर पहिल्या वर्षी ते तिला घेऊन चंद्रपूरला बदलीवर गेले, तिथे तिला ओळखीचं कुणी नव्हतं, आणि ती संध्याकाळी ऑफिसच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. "मला लाज वाटे," बाबा म्हणाले. "लोक हसत. मी तिला म्हटलं, येत नको जाऊ. मग ती यायची बंद झाली. पण मी अजून फाटकातून निघालो की त्या बाजूला पाहतो. आता फाटक नाही, काही नाही. जिन्यातून उतरलो तरी पाहतो."

हे मला माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नव्हतं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि वाट बघत होते की काका आता काहीतरी म्हणतील. आपल्याकडे अशा वेळी काहीतरी म्हणतातच. काका काहीही म्हणाले नाहीत. हुंकारसुद्धा दिला नाही. बराच वेळ गेला आणि मग बाबांनीच पुढे सुरुवात केली. त्या दिवशी ते साडेदहा वाजून गेले तरी बोलत होते, आणि काकांनी घड्याळाकडे बघितलं नाही. ज्या माणसाने रिकाम्या हॉलमध्ये दहाच्या ठोक्याला आरती केली, त्याच्याविषयी मी हे लिहितेय.

पानं पिवळी व्हायला लागली तसे बाबा परत जायचे दिवस आले. "राहा ना बाबा, एक्स्टेंड करता येतं," मी खूप मागे लागले. "नाही बेटा, घर बंद आहे," ते म्हणाले. शेवटच्या रविवारच्या ताल्कोतमध्ये त्यांनी रेड्डींच्या अंगणात पानं ओढली आणि दोन वाट्या सूप प्यायले. त्याला त्यांनीही उसळच म्हटलं. काकांनी ते ऐकून घेतलं.

बोस्टनच्या विमानतळावर बाबांना सोडायला काका आमच्याबरोबर आले. आत जाताना बाबांनी मला जवळ घेतलं, निखिलच्या पाठीवर थाप मारली. काकांशी हात मिळवला. बाबा सिक्युरिटीच्या रांगेत दिसेनासे झाले तरी काका कठड्याला धरून उभे होते.

परतीच्या वाटेवर निखिल गाडी चालवत होता. मला राहवलं नाही. मागे वळून म्हटलं, "काका, तुम्ही बाबांसाठी जे केलंत ना..."

"आभार नकोत," काका एकदम म्हणाले.

"बरं, नाही मानत. पण एक विचारू? तिकडे तुम्ही असे किती जणांकडे जायचात?"

"मी कुठे जायचो? माझ्याकडे यायचे."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात तिकडे दुपारी तीनला अंधार व्हायचा. ऑफिस ते खोली, खोली ते ऑफिस. घरी फोन केला की आई रडायची म्हणून फोन करणंही सोडलं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांचं नाव एका संस्थेकडे दिलं, आणि एका शनिवारी सकाळी कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला एक म्हातारा दारात उभा राहिला. एइनो त्याचं नाव. त्याला इंग्लिश येत नव्हतं, काकांना फिनिश.

"मग काय करायचात?"

"कॉफी प्यायचो. तो त्या खुर्चीत, मी या."

"किती दिवस?"

"संस्थेने एका हिवाळ्यापुरतं ठरवलं होतं. तो येतच राहिला. मला भाषा आली, तरी आम्ही फारसं बोललो नाही. तो जाईपर्यंत येत होता. कसा आहेस, असं एकदाही विचारलं नाही त्याने. फार चांगला माणूस."

निखिलने एकदा माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "आणि इकडे आल्यावर?"

"इकडे माणसं फार चांगली आहेत," काका म्हणाले. "पण इकडे काही विषय असल्याशिवाय कुणी कुणाकडे येत नाही, सचिव. मग मी विषय काढत गेलो."

मी पुढे तोंड करून बसले. बर्फ, कढीपत्ता, पुरणयंत्र, सगळ्या सभा माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. त्या टाळायला मी किती वेळा डोकं दुखतंय असं खोटंच सांगितलं होतं, तेही आठवलं. मला फार वाईट वाटलं. घर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याचा त्रास झाला नाही.

बाबा नागपूरला पोचले. मी रोज फोन करत होते. जेवलात का, औषध घेतलं का, बाई आली का. "हो," "हो," "आली." मिनिटभरात फोन संपायचा.

त्या शनिवारी नऊ वाजता बेल वाजली. काका बूट काढून आत आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. समोरची खुर्ची रिकामी होती.

"काका, चहा टाकू?"

"नागपूरला आता संध्याकाळ असेल ना?" ते म्हणाले. "वडिलांना फोन लावा. दिसतं तो."

"व्हिडिओ कॉल? काय बोलायचंय?"

"काही नाही."

मी फोन लावला. बाबा दिसले. मागे आमच्या नागपूरच्या घरातली भिंत, वर फिरणारा पंखा. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी फोन समोरच्या खुर्चीवर उशीला टेकून उभा केला, काकांचा चेहरा त्यात नीट येतोय ना ते बघितलं आणि आत गेले.

चहा झाला. बाहेरून आवाज नाही. कप भरले, तरी आवाज नाही. मी ट्रे घेऊन बाहेर आले. काका हाताची घडी घालून बसले होते. स्क्रीनवर बाबा तसेच, मान जराशी कलती, डोळे बाजूच्या खिडकीकडे. काही हलत नव्हतं. नेटवर्क गेलं, स्क्रीन अडकली, आणि हे दोघं भोळे तसेच बसलेत, असं वाटून मी ट्रे ठेवला आणि फोन उचलायला हात पुढे केला.

"हलवू नको, बेटा," बाबा म्हणाले. "बसून आहोत ना आम्ही."